भोंग्याची बायको

मामा गेले त्याला महिना होत आला, आणि भेटायला येणारं प्रत्येक माणूस दारातून आत येताना एकच वाक्य घेऊन येतं. "शेवटी कॅन्सरनं नेलंच." त्यानं चप्पल काढायच्या आधी मामीचं उत्तर तयार असतं. "कॅन्सरनं नाही नेलं. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, पेपर मांडीवर होता, आणि हृदय बंद पडलं. चांगल्या धडधाकट माणसासारखे गेले. कॅन्सरला आम्ही कधीच हाकलून दिलं होतं. बसा, पाणी आणते." माणूस बिचारं रडायला आलेलं असतं, त्याला कळत नाही आता रडायचं का माफी मागायची.

म्हणून म्हटलं, नात्यातल्या सगळ्यांसाठी एकदाच नीट सांगून टाकावं, कसा हाकलला ते. म्हणजे मामीचा घसा तरी वाचेल.

मामा म्हणजे बस स्टँडचा आवाज. काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्या पुकारायचं काम. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठलीला उशीर आहे, कुणाचं पोर चुकलंय, कुणाची पिशवी सापडलीय. स्टँडवर त्यांना नावानं कुणी ओळखतच नव्हतं, सगळे भोंगा म्हणायचे. भोंगा आला का, भोंग्याला विचार, भोंगा जेवायला गेलाय. मामांना त्याचा राग नव्हता. उलट कुणी नवख्यानं साहेब म्हटलं तर मागं वळून बघायचे, कोण साहेब आला म्हणून.

आणि मामी त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये, स्टँडच्या मागच्या अंगाला. बसच्या सीटची कव्हरं शिवायची. रेग्झिन कापायचं, फोमवर ताणून बसवायचं, जाड सुईच्या मशीनवर कडा मारायच्या. हाताला सुईची भोकं आणि तोंडाला लगाम नाही, अशी तिची ओळख. वर्कशॉपच्या खांबावर एक भोंगा टांगलेला होता, त्यातून दिवसभर नवरा बोलायचा. "घरी हाच, कामावर हाच," मामी म्हणायची, "बंद करायचं बटण देवानं दिलंच नाही." पण मामा जेवायला गेले आणि त्यांच्या जागी दुसरा कुणी पुकारायला लागला की मामीची शिलाई वाकडी जायची. बरोबरीच्या बायकांनी हे कितीदा पाहिलेलं, पण तिला सांगायची कुणाची छाती नव्हती.

एकदा काय झालं, खांबावरचा भोंगा खरखरायला लागला. मामीनं मशीन थांबवलं, वर बघितलं आणि डेपोच्या वायरमनला हाक मारली. "अरे, हा बिघडलाय. खरखर करतोय." वायरमन शिडी लावून चढला, वायर घट्ट करून उतरला. खरखर तशीच. मामी परत मागे लागली. त्यानं नवा भोंगा बसवला. तरी खरखर. मग केबिनमधला माईक बदलला. मग माईकची वायर. मामीचं रोजचं एकच, नीट ऐकू येत नाही, नीट ऐकू येत नाही. शेवटी वायरमननं हात टेकले. शिडीवर बसूनच म्हणाला, "काकू, सगळं बदलून झालं. आता फक्त नवरा बदलायचा राहिलाय."

सगळं वर्कशॉप हसलं. मामी पण हसली. आणि हसता हसता थांबली.

कारण घरी भोंगा नव्हता, माईक नव्हता, आणि खरखर घरी पण होती. घरी ती म्हणायची, दिवसभर त्या बिघडलेल्या माईकवर ओरडून ह्यांचा घसा बसलाय. आणि कामावर म्हणायची, माईक बिघडलाय. दोन्हीकडे माईकच. माणसाकडे बघितलंच नाही.

हातातली कात्री तशीच घेऊन ती निघाली, फलाट ओलांडून सरळ केबिनमध्ये. मामा गाडी पुकारत होते. माईक चालू. आणि त्या दिवशी सगळ्या स्टँडनं ऐकलं, "फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी... अगं काय... आ करा. अहो, आ करा म्हणते ना. आणखी मोठा करा, बसचं दार उघडावं तसा." चार नंबरच्या गाडीतली माणसं हसून हसून बेजार. कंडक्टर म्हणाला, भोंग्याची बायको आज भोंगा धुवायला आलीय.

ते शेवटचं मोकळं हसू म्हणायचं. मामीला तोंडात काही दिसलं नाही, पण तिनं त्यांना दवाखान्यात नेलंच. तिथून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं. स्वरयंत्रात गाठ आहे, कॅन्सरची. नुसत्या शेकानं, म्हणजे रेडिएशननं, भागण्याच्या पलीकडे गेलीय. स्वरयंत्र काढावं लागेल, सगळंच. श्वास घ्यायला गळ्याला पुढून एक भोक ठेवतात, ते कायमचं. माणूस जगतो, जेवतो, हिंडतो फिरतो. आवाज मात्र राहत नाही.

मामांनी विचारलं, "म्हणजे थोडा तरी?"

"नाही."

"कुजबुजण्यापुरता?"

"ओठ हलतील. पण हवाच तिथून येणार नाही ना."

मामा उठले आणि बाहेर गेले. मामी जागची हलली नाही. म्हणाली, "तारीख द्या."

"त्यांची तयारी दिसत नाही, बाई."

"त्यांची तयारी मी करते. तुम्ही तुमची करा."

पण घोडं अडलं ते अडलंच. मामा एरवी मऊ माणूस, बायकोपुढं आवाज चढवायचे नाहीत, चढवायचा तो पगार घेऊन स्टँडवर चढवायचे. पण ह्या बाबतीत दगड झाले. "मी नाही करून घेणार. बोलता बोलता मरेन."

"आणि मी काय करू? ऐकता ऐकता मरू?"

"तुला नाही कळायचं."

"मला नाही कळत, तर मग कळेपर्यंत जिवंत राहा."

चिमी, म्हणजे त्यांची मुलगी, औषधाच्या दुकानात कामाला होती. ती येऊन समजावून बघायची. बाबा, लोक जगतात, एक मशीन मिळतं गळ्याला लावून बोलायचं. मामांनी फोनवर त्या मशीनचा आवाज ऐकला आणि फोन उलटा करून ठेवला. म्हणाले, "हा माणसाचा आवाज नाही, हा डब्याचा आहे."

त्यात थोरले मामा. मामांचे मोठे भाऊ, वरच्याच मजल्यावर राहायचे. ते खाली येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "दादा म्हणून सांगतो, घाई करू नका. देवानं दिलेला आवाज आहे. ह्या घराची प्रार्थना ह्या आवाजानं होते. तो कापून कसा टाकायचा? त्याच्या मनात असेल तर तो असाच बरा करेल. शेवटी देवाची इच्छा."

मामी स्वयंपाकघरातून आली, ओले हात तसेच. "भाऊजी, देवाची इच्छा काय ती देव सांगेल. तुम्ही कोण, त्याचे वायरमन?"

थोरल्या मामांना वायरमनचा किस्सा माहीत नव्हता, पण टोमणा आहे एवढं कळलं. ते उठून वर गेले.

आता त्या प्रार्थनेचं सांगायला पाहिजे, कारण सगळं अडलं होतं ते तिथंच. ह्या घरात संध्याकाळी सगळे एकत्र बसून प्रार्थना म्हणतात, मामांच्या वडिलांपासून चालत आलेली. तिची पद्धत अशी की ओळीचा पहिला अर्धा भाग एकानं म्हणायचा आणि उरलेला अर्धा सगळ्यांनी मिळून. पहिला अर्धा वडील म्हणायचे, त्यांच्यामागे मामा. थोरल्या मामांचा आवाज लहानपणापासून बसका, म्हणून ते काम धाकट्याकडे आलं. मामी लग्न होऊन आली तेव्हापासून ती मागच्यांत. तिचा देवावर विश्वास होता, पण भरवसा नव्हता. म्हणायची, तो चांगला आहे, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला लागतं. म्हणून रोज बसायची.

एका संध्याकाळी मामांचा घसा अगदीच बसला आणि पहिला अर्धा काही निघेना. ते म्हणाले, आज तुमच्यापैकी कुणीतरी म्हणा. आणि मग उजेड पडला. कुणालाच येत नव्हता. मामीला नाही, चिमीला नाही, खुद्द थोरल्या मामांना पण नाही. सगळ्यांना उरलेलाच अर्धा पाठ. "तूच आधार," "तूच सांभाळ," "तुझंच लक्ष असू दे." पण त्याच्या आधी काय? जन्मभर ऐकलेलं, आणि एक ओळ सांगता येईना. थोरले मामा चाचपडत म्हणाले, "काहीतरी दिवस आणि वाट असं आहे बघ." चिमी म्हणाली, "पाणी पण आहे कुठेतरी." झालं असं होतं की मामांचा अर्धा चालू असताना बाकीचा प्रत्येक जण आपला अर्धा म्हणायला श्वास घेत असायचा. ऐकायचं कुणी?

मामा त्या दिवशी फार हादरले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मामीला समोर बसवून अट घातली. "तू पहिला अर्धा शीक. सगळा पाठ करून मला म्हणून दाखव. मग मी ऑपरेशनला जातो."

चिमीचा जीव भांड्यात पडला. थोरले मामा जिन्यात उभे होते, त्यांनी पण मान हलवली, हे बरं झालं. एवढी सोपी अट! तेवढ्या ओळी तर कुणीही पाठ करेल.

मामी म्हणाली, "नाही शिकत."

"काय?"

"नाही शिकणार. कळत नाही का मला? हे चार्ज द्यायला निघालेत. डेपोत बघितलंय मी. माणूस चार्ज देतो, किल्ल्या टेबलावर ठेवतो आणि मोकळा होतो. मला तुम्हाला मोकळं करायचं नाही. तुम्ही अडकलेलेच बरे."

"अगं, मी येणारच ना परत."

"मग शिकवायची घाई कसली?"

"परत येईन तेव्हा आवाज कुठला असेल?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. तुम्ही असाल, मी असेन, तो असेल. तिघं मिळून काढू काहीतरी वाट."

चिमी रडकुंडीला आली. "आई, हट्ट काय करतेस! शीक ना चार ओळी, बाबांचा जीव वाचतोय."

"चार ओळींनी वाचत नसतो कुणी. ओळी पाठ झाल्या की हे म्हणतील, आता काय, सगळं मार्गी लागलं. मार्गी लागलेली माणसं ऑपरेशनच्या टेबलावर हात सोडून देतात." हे तिला कुठून कळलं देव जाणे. पण मामांनी मान खाली घातली, म्हणजे ते खरंच असणार.

मग मामा म्हणाले, ठीक आहे, मी चिमीला लिहून देतो. तर घरातली सगळी पेनं गायब. कॅलेंडरला बांधलेली पेन्सिल सुद्धा.

असे दिवस चालले होते. गाठ काही ह्यांच्या भांडणासाठी थांबणार नव्हती. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, अजून उशीर केलात तर मग माझ्याही हातात राहणार नाही. तो फोन मामीनं घेतला. घेतला, ठेवला, आणि प्रार्थनेच्या वेळेला सगळे बसले होते तिथं येऊन ती बसली नाही, उभीच राहिली. एका बाजूला देव, एका बाजूला मामा, मधे मामी.

"ऐका आता. ऑपरेशन केलं आणि तुम्ही जगलात, तर ह्या घरात प्रार्थना कशी होईल ते मला माहीत नाही. वेडीवाकडी होईल, अर्धी होईल, पण होईल. आणि ऑपरेशन न करता तुम्ही गेलात, तर त्या दिवसापासून इथं एक शब्द होणार नाही. मी होऊ देणार नाही. भाऊजींनी वर जाऊन काय करायचं ते करावं. खाली बंद. कायमची. आता ठरवा."

थोरल्या मामांनी कपाळाला हात लावला. "अशी भाषा? देवासमोर?"

मामांनी बसक्या घशानं विचारलं, "ही धमकी मला देतेस का त्याला?"

"दोघांना," मामी म्हणाली. "दोघं ऐकताय ना, बरं झालं, परत सांगायला नको."

मग मामांना हसू फुटलं, ते खोकल्यात गेलं, खोकला थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "तारीख कधीची म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

कामाच्या शेवटच्या दिवशी मामा नेहमीसारखे केबिनमध्ये बसले. स्टँडवर बातमी पसरली होती. फेरीवाले, हमाल, तिकीट खिडकीतली माणसं, सगळे केबिनकडे बघत होते. वर्कशॉपमध्ये बायकांनी मशीनं थांबवली, नीट ऐकू यावं म्हणून. मामी खेकसली, "चालू ठेवा मशीनं! काय मयत झालंय का कुणाचं?" मशीनं परत सुरू झाली, पण सगळ्या जणी पाय हळू मारत होत्या. मामांनी भाषण नाही केलं, निरोप नाही घेतला. डोंगराकडची गाडी पुकारली, नदीपलीकडची पुकारली, एका म्हातारीची छत्री राहिलीय ती घेऊन जा म्हणाले आणि माईक बंद केला. वायरमन शिडी खांद्यावर घेऊन मामीपाशी आला. मामीच म्हणाली, "नदीपलीकडची गाडी तीनवर लागते, ह्यांनी दोनवर सांगितली. लोक पळतायत बघ तिकडे." आणि मान खाली घालून तिनं मशीन असं दामटलं की सुई मोडली.

ऑपरेशनच्या आधी नर्सनं मामीला समजावलं होतं, गळ्याच्या भोकावर पुढून एक फडकं बांधायला लागतं, धूळ जाऊ नये म्हणून, हॉस्पिटलात मिळतं तसलं. मामीनं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. शिलाई बघून तिनं नाक मुरडलं, म्हणाली, मी घरून आणते. आणि आणलं. चांगल्यातलं रेग्झिन, कडेनं पायपिंग, मागे बटण. आलिशान गाडीच्या सीटला शोभेल असं. नर्सनं ते बघितलं आणि भिंतीला टेकून हसायला लागली. "अहो बाई, ह्यातून हवा कुठून जाईल? श्वास तिथूनच घ्यायचाय त्यांना!"

मामीचा चेहरा उतरला. आयुष्यभर ती एकच गोष्ट शिकलेली, पाणी आत जाऊ द्यायचं नाही, धूळ आत जाऊ द्यायची नाही, हवा नाही, काही नाही. पण क्षणभरच. लगेच म्हणाली, "मग असं सांगायचं ना, की पंख्याची सीट पाहिजे." आणि वेटिंग हॉलमध्ये बसून तिनं चिमीच्या जुन्या सुती ओढणीची फडकी शिवायला घेतली.

ऑपरेशन चालू होतं तेवढा वेळ ती शिवतच राहिली. थोरले मामा बाकाच्या टोकाला डोळे मिटून बसले होते, ओठ हलत होते. अर्धंच वाक्य येत होतं त्यांना, तेच ते परत परत. तूच सांभाळ, तूच सांभाळ. चिमीनं विचारलं, "आई, तू नाही म्हणत?"

"मी बोललेय त्याच्याशी. सारखं सारखं काय विचारायचं. काम करू दे त्याला."

सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. आत गेलेले दुसऱ्यांचे पेशंट बाहेर आले, त्यांचे नातेवाईक गेले, बाकं रिकामी झाली. दार उघडलं की हे तिघं उभे राहायचे आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जायचं. पुकारणारा माणूस इतकं पुटपुटून पुकारायचा की मामी त्याच्यावर ओरडली, "जरा मोठ्यानं सांगा! माझे यजमान आत आहेत म्हणून, नाहीतर त्यांनी शिकवलं असतं तुम्हाला." थोरल्या मामांचा बांध तिथं फुटला. धाकट्या भावाचा आवाज आता परत ऐकायला मिळणार नाही हे त्यांना त्या पुटपुटण्यातच कळलं बहुतेक. मामीनं त्यांच्या हातात एक फडकं दिलं. "भाऊजी, रडायचं तर तिकडे जाऊन रडा. माझं पाणी निघालं तर शिलाई दिसायची नाही मला." पण ते उठून गेले नाहीत, तिथंच रडले, आणि तिनं पण त्यांना जाऊ दिलं नाही, त्यांची बाही धरून ठेवली डाव्या हातानं. उजव्या हातात सुई होती.

मग डॉक्टरीणबाई आल्या, टोपी काढत. गाठ पूर्ण निघाली. कडा स्वच्छ वाटतात, रिपोर्ट येईल, पण मला चांगलं दिसतंय. मामीनं एवढंच विचारलं, "हात सोडून दिले होते का त्यांनी?" डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. म्हणाल्या, "खंबीर आहेत तुमचे मिस्टर." मामी म्हणाली, "खंबीर कुठले. अडकलेत."

आत सोडलं तेव्हा मामा नळ्यांमध्ये गुंडाळलेले. नाकात नळी, हाताला नळी, आणि गळ्याला ते भोक, त्यातून श्वास असा आवाज करत येत होता जात होता, जसं सायकलच्या ट्यूबमध्ये कुणी हवा भरतंय. त्यांनी डोळे उघडले. मामी दिसली. ओठ हलले. काहीच नाही. त्यांनी परत ओठ हलवले, जोर लावून, मानेच्या शिरा फुगल्या, आणि डोळ्यात अशी भीती आली की चिमी मागे सरकली. सगळं माहीत होतं त्यांना, सांगितलेलं होतं, तरी आवाज लावला आणि लागला नाही हे ज्याचं त्यालाच कळतं.

मामी पटकन वाकून म्हणाली, "ऐकलं मी. ऐकलं. हो. करते तसं."

मामा शांत झाले. डोळे मिटले.

बाहेर आल्यावर चिमीनं विचारलं, "काय म्हणाले गं बाबा?"

"मला काय माहीत."

"मग तू हो कशाला म्हणालीस?"

"अगं, बोलणाऱ्याला कळायला नको का, समोर कुणी ऐकतंय म्हणून?"

तिथून पुढचे दिवस सोपे नव्हते, उगाच गोड करून सांगत नाही. भोकातून कफ काढायचा, त्यासाठी कफ ओढायचं मशीन घरी आणायचं, ते वापरायला चिमी शिकली, मामी शिकली आणि सगळ्यांना नवल वाटलं ते हे की थोरले मामा पण शिकले. रक्त बघून पडणारा माणूस, रोज सकाळी खाली येऊन हात धुऊन तयार. मामा चिडायचे. वही पुढं केली तर बाजूला सारायचे, आणि हातवारे केलेले कुणाला कळले नाहीत की पेला आपटायचे. वास येईना, चहावर फुंकर मारता येईना. शेजारचे कुणी बघायला आले की त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचे, बहिऱ्याशी बोलावं तसं. मामी म्हणायची, "त्यांचा आवाज गेलाय, कान नाही. हळू बोला, त्यांना तुमच्या घरातली भांडणं पण ऐकू येतात." मग पाहुणे लवकर उठायचे.

आणि प्रार्थना बंद होती. संध्याकाळ व्हायची, मामा खोलीत पडून असायचे, कुणी विषय काढायचा नाही. मामा कुणाकडे बघायचे नाहीत त्या वेळेला. भिंतीकडे तोंड करायचे. चिमीला वाटायचं, आईनं शिकून घेतलं असतं तर. ते ती बोलली नाही, पण तोंडावर दिसत होतं, आणि मामीला तोंडं वाचायची सवय लागलेली.

एका संध्याकाळी मामीनं सगळ्यांना हाका मारल्या. थोरल्या मामांना वरून बोलावलं. मामांना उठवून बसवलं, गळ्याला धुतलेलं सुती फडकं बांधलं आणि देवासमोर आणलं. मामांनी मान हलवली, नको. मामीनं त्यांचा दंड धरून खाली बसवलं. सगळे बसले. सगळ्यांनी सवयीनं श्वास घेतला आणि पुढे काहीच नाही. गळ्यातून जाणाऱ्या हवेचा तेवढा आवाज. थोरले मामा खाकरले, म्हणजे काहीतरी दिवस आणि वाट म्हणणार की काय असं वाटलं, पण तेही थांबले.

मामी मांडी घालून पुढे सरकली, मामांच्या जागेवर. देवाकडे बघितलं. आणि आपल्या रोजच्याच आवाजात, रेग्झिनचा भाव करताना लावायची त्याच, म्हणाली, "ह्या माणसानं जन्मभर तुझं नाव घेतलं आणि तू त्याचाच गळा निवडलास..."

कुणाला काय करावं कळेना. तिनं मागे वळून डोळे वटारले. म्हणा!

"तूच आधार," सगळे म्हणाले.

"ते असो. घेतलास तो घेतलास, आता परत मागत नाही, पण बाकीचा माणूस माझा आहे..."

"तूच सांभाळ."

"चिमीचे बाबा रात्रीचे खोकतात, मला झोप नाही, तुला लागते का नाही माहीत नाही..."

"तुझंच लक्ष असू दे," थोरले मामा सगळ्यात मोठ्यानं म्हणाले, बसक्या आवाजात, आणि स्वतःच दचकले.

मामी सुटलीच मग. डॉक्टरीणबाईंना बरकत दे, त्यांच्या हॉस्पिटलातल्या त्या पुटपुट्याला घसा दे. शेजारच्यांना अक्कल. नव्या पुकारणाऱ्याला फलाट नीट दिसू दे, काल त्यानं लोकांना गाडीमागं पळवलं. प्रत्येक ओळीनंतर सगळ्यांचा तोच उरलेला अर्धा, आणि तो कुठंही बसत होता, कशालाही लागू पडत होता. हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

चिमीची नजर बाबांकडे गेली. त्यांचे ओठ हलत होते. पहिला अर्धा नाही, तो तर मामी म्हणत होती. दुसरा. सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांच्या वेळेला. लहानपणी वडिलांच्या मागे बसायचे तेव्हा म्हणाले असतील, त्यानंतर आजच. त्यांच्या शेजारी थोरला भाऊ, दोघांचे ओठ एकदम हलत होते, आणि आवाज एकाचाच येत होता, तो दोघांचा धरून चालायचा.

मामीनं हात जोडले. "आणि एक. पुढच्या महिन्यात ह्यांना कामावर घेणारेत, सामानाच्या खोलीत, तिथला साहेब कजाग आहे. तर त्याला..."

अचानक मामांच्या गळ्यावरचं फडकं फडफडलं. एकदा, दोनदा, मग फटाफट उडायलाच लागलं. खांदे हलायला लागले, डोळ्यातून पाणी. चिमी किंचाळली, "आई! बाबांना काय होतंय बघ!" थोरले मामा मशीन आणायला धावले.

मामीनं वळून बघितलं. फडकं उचलून बघितलं, परत सोडलं.

"काही नाही होत. हसतायत. हसू आता इथून येतं, दुसरं काय." आणि मामांना म्हणाली, "हसू नका, ओळ चुकेल तुमची." मग परत देवाकडे वळली आणि त्या कजाग साहेबाचं पुढं काय करायचं ते त्याला सविस्तर सांगायला लागली.